आवक क्रमांक बारा

३ जून

ती. मामा,

नमस्कार. फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी दहा मिनिटं घसा फोडला आणि शेवटी तुम्ही म्हणालात, "बरं बरं, आईला नमस्कार सांग." आईला जाऊन सहा वर्षं झाली, मामा. तुमच्या कानांपुढे मी हात टेकले, म्हणून हे पत्र.

काम दादाचं आहे. तो स्वतः लिहिणार नाही. तुमच्या घरी सहा वर्षं राहून शिकला, तरी पेन धरायचं म्हटलं की अजून त्याच्या हाताला घाम फुटतो. परवा फाट्यावर पोलिसांनी त्याची व्हॅन थांबवली आणि लायसन्स काढून घेतलं. म्हणाले, हे दोन महिन्यांपूर्वीच निलंबित झालंय. का? तर हिवाळ्यातल्या एका चलानाच्या तारखेला तो कोर्टात हजर राहिला नाही.

चलान फाडलं होतं हे खरं. चौकात तो पुरता न थांबता पुढे गेला, कारण मागच्या सीटवर शिंपीकाकांना चक्कर आली होती. पोलीस म्हणाला, "तारीख पोस्टाने येईल." ती आलीच नाही. चलानाचा गुलाबी कागद दादाने आरशामागे खोचला होता. पुढे एकदा गाडीत कुणाला उलटी झाली तेव्हा हाताला नेमका तोच लागला. झालं! आता नंबर नाही आणि दिवसही आठवत नाही.

त्या व्हॅनवर त्याचं पोट आहे, पण नुसतं त्याचंच नाही. वरच्या गावांतले सात जण आठवड्यातून तीनदा तो डायलिसिसला घेऊन जातो आणि परत आणतो. तिकडे बस आठवड्यातून दोनच दिवस. हॉस्पिटलने सध्या स्वतःचा ड्रायव्हर दिलाय, पण तो जुलैच्या मध्यापर्यंतच.

केस पुन्हा उघडायचा अर्ज तीस जूनच्या आत द्यायचा आहे, आणि त्यात चलानाचा नंबर आणि तारीख लागते. कोर्टाच्या खिडकीवर दादाला सांगितलं, नावावरून शोधता येत नाही. तुम्ही तिथे एकतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलंत. तुम्हाला नाही सापडलं तर कुणाला सापडणार?

आणखी एक. दादाच्या लायसन्सवर अजून तुमचाच पत्ता आहे का? तो म्हणतो, बदलून घेतला होता. पण त्याच्या "केलं होतं"वर माझा भरवसा नाही. तुमच्याकडे काही आलं होतं का?

तुमची,
ठकू

---

११ जून

चि. ठकू, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शिक्का मारून रजिस्टरात चढवलं: आवक क्रमांक एकेचाळीस. हस, हस. तुझी मामीही हसायची. "निदान दुधाच्या बिलाला तरी शिक्का मारू नका हो," म्हणायची. पण घरात कागद आला की आधी नोंद, मग तारखेचं खोकं, ही सवय हाडात गेली आहे. तेव्हा इथे काही आलं होतं का, हा प्रश्नच उद्भवत नाही. आलं असतं तर मला माहीत असतं.

परवा कोर्टात जाऊन आलो. माझी रेकॉर्ड रूम आता जिन्याखाली नेली आहे, पाण्याच्या पाइपाशेजारी. तुला समजावं म्हणून सांगतो. प्रत्येक पोलिसाकडे पंचवीस चलानांचं पुस्तक असतं. समन्ससाठीची प्रत लगेच जाते, पण पुस्तक तो संपल्यावरच जवळच्या कचेरीत जमा करतो, आणि आपल्या जिल्ह्यात अशा चार कचेऱ्या. पुस्तक खोक्यात लागतं ते संपल्याच्या तारखेला, चलान फाडल्याच्या नव्हे. एखादा आळशी पोलीस एकच पुस्तक तीन महिने पुरवतो. म्हणून जानेवारीचं चलान एप्रिलच्या खोक्यात निघतं. हे ज्याला ठाऊक नाही तो जन्मभर शोधत बसेल.

यावर तोडगा म्हणून मी नावांची कार्डं केली होती. एका माणसाचं एक कार्ड, त्यावर त्याची सगळी चलानं आणि प्रत्येकापुढे तो हजर होता की गैरहजर. एकोणीस हजार कार्डं, सगळी माझ्या हातची. मी निवृत्त झालो त्या दिवशी ते काम थांबलं. आता त्या खोक्यांवर झेरॉक्सचं मशीन ठेवलंय. उंची बरोबर येते म्हणे!

तिथली कारकून नवी आहे. केसांत पेन्सिल खोचते आणि मला आजोबा म्हणते. पण पोरगी सरळ आहे. मंगळवार-गुरुवार येऊन शोधायला परवानगी दिली.

दाद्याला म्हणावं, आधी घरात शोध. दहा माणसं चलान हरवलं म्हणून यायची, त्यातल्या नऊ जणांचं घरीच निघायचं. कुणाचं गादीखाली, कुणाचं पिठाच्या डब्यात. एकतीस वर्षं मी खिडकीतून हेच सांगत आलो.

परत येताना भलत्याच थांब्यावर उतरलो आणि अर्धा तास चालत आलो. प्रकृतीला बरंच.

तुझा,
मामा

---

१८ जून

ती. मामा,

तुमचं पत्र दादाला फोनवर वाचून दाखवलं. पिठाच्या डब्यावर तो हसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसला, असं वहिनी म्हणाली.

एरवी तो दिवसभर बंद व्हॅनच्या पायरीवर बसून असतो. हॉस्पिटलचा ड्रायव्हर वरच्या गावांपर्यंत चढत नाही, रस्ता खराब आहे म्हणतो. सगळ्यांना फाट्यापर्यंत चालत यावं लागतं. शिंपीकाका दोनदा चालले, तिसऱ्यांदा आले नाहीत. दादाच्या गाडीतले पडदे त्यांनीच शिवलेत. डायलिसिसला जाताना सुई-दोरा घेऊन बसायचे आणि कुणाचं बटण, कुणाचा खिसा, फुकटात करून द्यायचे. आता दादा रोज त्यांच्या दारात जाऊन विचारतो, "काका, बरं आहे ना?" आणि मान खाली घालून परत येतो.

मी कोर्टाला फोन केला होता. तुमच्या पेन्सिलवालीनेच उचलला असावा. ती म्हणाली, निलंबनाच्या नोंदीत चलानाचा नंबर नाही, पण समन्स पोचलंय आणि पोचपावतीवर सही आहे एवढं लिहिलंय. मामा, कुणाची सही? दादाची नाही, तो शपथेवर सांगतो. मला विचाराल तर हे पोस्टमनचं काम आहे. चढ चढायचा कंटाळा केला असेल आणि स्वतःच खरडलं असेल काहीतरी.

बारा दिवस उरलेत. घाई करा.

ठकू

---

२४ जून

चि. ठकू,

सापडलं!

आळशी पोलिसाचाच सिद्धान्त खरा ठरला. चलान नऊ जानेवारीचं, पुस्तक जमा झालं एकोणीस मार्चला, आणि तेही भलत्याच कचेरीत. तिथून ते पाइपाखालच्या ओल्या खोक्यात आलेलं. कारकुनीण म्हणाली, "आजोबा, हे मला कधीच सापडलं नसतं." आज मी दोन जिने धापा न टाकता चढलो.

नंबर आणि तारीख वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहे. दाद्याने लगेच अर्ज करावा आणि सोबत प्रतिज्ञापत्र द्यावं, की समन्स मला मिळालंच नाही. खरंच मिळालं नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

पोस्टमनचं तू म्हणतेस ते मला तंतोतंत पटलं. वीस वर्षं हा माणूस माझ्याही दारात येतो आणि कधीच घाईत नसतो, याचा अर्थ कामात लक्ष नाही. त्याच्या वरिष्ठांकडे मी लेखी तक्रार केली आहे, चांगली दोन पानी. शिवाय त्या पोचपावतीची नक्कल मागवली आहे. ती आली की त्याची सही त्याच्याच तोंडावर मारतो.

काळजी करू नकोस. तुझा मामा अजून जिवंत आहे.

मामा

---

२ जुलै

ती. मामा,

अर्ज दिला, शेवटच्या दिवशी का होईना. सुनावणी चौदा जुलैला आहे. दादाने दाढी केली आणि व्हॅन धुतली. वहिनी म्हणाली, चार वेळा धुतली.

तुमचे उपकार कसे फेडू? पोचपावतीची नक्कल आली की लगेच कळवा. ती सही दादाची नाही एवढं सिद्ध झालं की संपलं.

शिंपीकाका अंथरुणाला खिळलेत, पायांना सूज आहे. शेजारी त्यांना उचलून फाट्यापर्यंत नेतात, तेही जमेल तेव्हा. पण त्यांनी निरोप दिलाय, "चौदा तारखेनंतर पुढची सीट माझी."

ठकू

---

९ जुलै

चि. ठकू,

नक्कल आली. सही पुसट आहे, नीट लागत नाही. कुणाचीही असू शकेल.

पोस्टमनविरुद्धची तक्रार मी मागे घेतली. गरीब माणूस आहे, उगाच कशाला.

सुनावणीला येणार होतो, पण खोकला झाला आहे. दाद्याला म्हणावं, पुसट सह्यांवर साहेब फार ताणत नाहीत. मी असताना अशा बऱ्याच सुटल्या आहेत.

इकडे गरम फार होतं.

मामा

---

१६ जुलै

ती. मामा,

अर्ज फेटाळला.

मी रजा काढून गेले होते. तुमचं कोर्ट पहिल्यांदाच पाहिलं. छोटी खोली, चार बाकडी, आणि खिडकीवर कुणीतरी केव्हातरी चिकटवलेली पाटी, "आधी घरात शोधा." अक्षर तुमचंच. बघून मला इतका धीर आला होता!

न्यायाधीश बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, समन्स लायसन्सवरच्या पत्त्यावर गेलंय. म्हणजे तुमच्या पत्त्यावर, मामा. दादाने पत्ता बदललाच नव्हता. तिथे कुणीतरी सही करून घेतलंय, म्हणजे कायद्याने ते मिळालं. मग त्यांनी पोचपावती दादापुढे धरली. "ही सही कुणाची, ओळखता येते का? हा माणूस इथे येऊन म्हणाला की मी घेतलं पण यांना दिलं नाही, तर मी आत्ता केस उघडते."

दादाने तो कागद पाहिला आणि दाराकडे नजर टाकली. मग म्हणाला, "नाही. मला नाही माहीत."

बाईंनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा नाही म्हणाला. लायसन्स दोन वर्षांसाठी रद्द. अपिलाला दहा दिवस, चोवीस तारखेपर्यंत, तेही सही करणारा माणूस सापडला तरच.

मामा, पोचपावती फेब्रुवारीतली आहे. तुमच्या घरी तेव्हा कोण आलं होतं? भांडीवाली? शेजारी? कुणी पाव्हणा? आठवा. तुमच्या पाया पडते, आठवा.

ठकू

---

२७ जुलै

चि. ठकू,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

सही माझी आहे.

आठ जुलैला कोर्टात नक्कल हातात आली तेव्हाच कळलं. पुसट-बिसट काही नाही, ठळक आहे, खाली माझी नेहमीची दुहेरी रेघ. कारकुनीणीनेही ओळखली होती. त्या खोलीत माझ्या हजारो सह्या पडल्या आहेत. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी तुला खोटं लिहिलं.

ते समन्स घेतल्याचं मला आठवत नाही. आजही आठवत नाही. तुझं सोळा तारखेचं पत्र आलं तेव्हा मी माझं स्वतःचं रजिस्टर उघडलं. जून महिन्यापासून मी सगळ्या जिल्ह्याचे कागद उलथेपालथे केले, पण घरातलं रजिस्टर उघडलं नव्हतं. माझी खात्रीच होती ना. सहा फेब्रुवारी, आवक क्रमांक बारा: "वाहतूक कोर्ट, समन्स, दाद्याचे." अक्षर सुरेख. कागद फेब्रुवारीच्या खोक्यात, शिक्का मारलेला, घडीसुद्धा न मोडलेला. मी तो हरवला नाही, ठकू. मी तो फाइल केला. कागद आला, नोंद झाली, जागेवर गेला, आणि माझ्या लेखी काम संपलं. ज्याचा होता त्याला द्यायचा असतो, एवढंच राहिलं.

हे असं गेलं वर्षभर चाललंय. कान चांगले आहेत माझे. तू फोनवर काय बोलतेस ते ऐकू येतं, पण कोण बोलतंय ते मधेच निसटतं, म्हणून ऐकू येत नाही असं सांगतो. शेगडीवर चिठ्ठी लावली आहे. कुलपावर लावली आहे. मला भीती वाटते. तुझ्या मामीला सांगितलं असतं, ती नाही.

मग कोर्टात का गेलो नाही? लाज. एकोणीस हजार कार्डं लिहिलेला माणूस त्याच खिडकीपुढे उभा राहून सांगणार की भाच्याचं समन्स मी घेतलं आणि विसरलो? वाटलं, सुटेल पोरगा. त्याला माझी सही कुठे माहीत, असं वाटलं.

तुझं पत्र वीस तारखेला मिळालं. बावीसला समन्स खिशात घालून निघालो. भलत्या गावात उतरलो आणि कशासाठी निघालो होतो ते मला आठवेना. एका केळीवाल्याने खिशातल्या लायब्ररीच्या कार्डावरचा पत्ता वाचून घरी आणून सोडलं. तेवीसला अंगात ताकद नव्हती. चोवीस तारीख कुठे गेली ते मला सांगता येत नाही. पंचवीसला पोचलो. सगळं सांगितलं, समन्स दाखवलं. कारकुनीणीने कॅलेंडरकडे पाहिलं. "आजोबा, काल यायला हवं होतं हो." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एक दिवस उशिरा आलेल्या किती जणांना मी त्या खिडकीतून परत पाठवलं असेल, आणि माझ्या डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं.

दाद्याला सांग. माझ्याच्याने त्याला लिहवत नाही.

मामा

---

६ ऑगस्ट

मामा,

तुमचं पत्र दादाला वाचून दाखवायला मी स्वतः गेले. पहिलं पान झाल्यावर तो म्हणाला, "राहू दे. मला माहीत आहे."

त्याने कोर्टातच ओळखली होती. सहा वर्षं त्याच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून तीच सही होती, तीच दुहेरी रेघ. दर वेळी तुम्ही ती करायच्या आधी त्याला शेजारी बसवून प्रत्येक विषय मोठ्याने वाचायचात, म्हणे. त्याने बाईंपुढे दोनदा खोटं सांगितलं. मी त्याच्यावर ओरडले. तुझं लायसन्स, तुझी गाडी, ते सात जण, आणि तू गप्प बसलास? तो म्हणाला, "सगळ्या कोर्टासमोर मामांना विसराळू म्हणायचं? त्याच कोर्टात? मला वाटलं, ते येतील आपण होऊन. मी दाराकडे बघत होतो."

तुम्हाला हे सांगू नकोस म्हणाला. मी सांगतेय. माझ्याने हे एकटीने सोसवत नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हाला कळावं असं मला वाटतं. मी फार वाईट आहे असं म्हणा.

शिंपीकाका गेले, एकोणतीस जुलैला. हॉस्पिटलची गाडी बंद झाली, आणि शेवटचे नऊ दिवस त्यांना कुणीच हॉस्पिटलात नेलं नाही. दादाने शेवटी बिनलायसन्सची व्हॅन काढली होती. ते अर्ध्या वाटेत गेले. दादाने गाडी कडेला लावली, पडदे ओढले, आणि पोलीस येईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिला. आता ती केस वेगळी. व्हॅन जप्त झाली आहे. उरलेल्या सहा जणांतले दोघे नातेवाइकांकडे राहायला गेलेत. बाकीच्यांचं काय ते मी विचारलं नाही.

तुम्ही घाबरलात हे मला समजतं. तुमच्यावर माया आहे ती काही गेली नाही. पण मामा, तुम्ही आठ तारखेला लिहिलं असतं तर! सहा दिवस होते. एवढं एकच मला रोज टोचतं, आणि ते जाईल असं वाटत नाही.

वहिनी म्हणते, तुम्हाला एकटं ठेवू नये. दादा पुढच्या आठवड्यात बसने तुम्हाला घ्यायला येतोय. नको म्हणू नका. आता त्याला दुसरं काही काम नाही.

ठकू

---

१५ ऑगस्ट

चि. ठकू,

तुझं पत्र मिळालं. यावर शिक्का मारला नाही, रजिस्टरात चढवलं नाही, खोक्यातही टाकलं नाही. टेबलावर उघडं ठेवलं आहे, वर पेपरवेट, म्हणजे सकाळी चहा घेताना समोर यावं.

दाद्या तीन दिवसांपूर्वी आला. सामान बांधतोय. मी त्याला विचारलं, "आज गाडी नाही आणलीस?" त्याने मान हलवली. नंतर पत्र वाचलं तेव्हा कळलं मी काय विचारलं ते.

रोज वाचतो, आणि रोज पहिल्यांदाच कळतं. तो दाराकडे बघत होता, इथपर्यंत आलो की मी उठतो, चपला घालतो, समन्स खिशात घालतो. वाटतं, आत्ता निघालो तर पोचेन. मग दाद्या दारात येतो आणि माझ्या पायांतून चपला काढतो.

पत्राच्या कोपऱ्यात माझ्याच हाताने लिहिलंय, "वाचलं." आज मोजलं. चार वेळा लिहिलंय.

मामा